जुनी कंबरदुखी आणि वावरातलं काम: बारा आठवड्यांचा व्यायाम, पायरीपायरीनं

"दिवसभर वावरात मरमर राबतो, अन् तुमी म्हणता एक्सरसाइज करा. अजून कोठून आणू जी एक्सरसाइज?"

तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. विचारणारी बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीतली बाई असते. दिवाळीपासून कापूस वेचत असते आणि कमरेवर एक हात ठेवूनच खुर्चीत टेकते. तिचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

सोयाबीन सोंगताना, निंदताना किंवा भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करताना कंबर एकाच दिशेनं वाकते, पुढे. तीही पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, संपेपर्यंत. दमलं तरी थांबता येत नाही, कारण बाकीच्या बाया पुढे निघून जातात. हंगाम लागला की पहिल्याच दिवसापासून आठ तास, आणि हंगाम सरला की एकदम काहीच नाही. व्यायामात कंबर पुढे, मागे, बाजूला सगळीकडे फिरते. दमायच्या आधी थांबायचं असतं, आणि आज जेवढं केलं त्याहून उद्या जरासंच जास्त करायचं असतं. स्नायू ताकद धरतो तो मापात ताण दिल्यावर मिळालेल्या विश्रांतीत. वावरात ताण आहे, माप नाही आणि विश्रांतीही नाही. म्हणून वर्षानुवर्षं राबूनही कंबर मजबूत होत नाही, ती झिजत चालल्यासारखी वाटते.

माझ्या आईची कंबर मी नववीत असताना धरली. एक्स-रे बघून तिला सांगण्यात आलं, "गॅप आला आहे, आता वाकायचं नाही, जड उचलायचं नाही." आईनं ते इतकं मनावर घेतलं की वर्षभर तिनं पाण्याची गुंडी उचलली नाही, जमिनीवर बसली नाही, बाजेवरून उठतानाही बाबांचा हात धरू लागली. वर्ष सरलं तेव्हा दुखणं होतं तसंच होतं आणि मांड्या मात्र काटक्यांसारख्या झाल्या होत्या. पुढे मी हे शास्त्र शिकले. खाली लिहिलेला प्रत्येक व्यायाम मी आधी तिच्याकडून आमच्या ओसरीत सतरंजीवर करून घेतला आहे.

सुरू करण्याआधी: कोणाची कंबर आधी डॉक्टरला दाखवायची

हा लेख जुन्या कंबरदुखीसाठी आहे, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या. अशा दहातल्या नऊ जणांमध्ये हाडाचा किंवा नसेचा कुठलाही गंभीर आजार सापडत नाही. पण उरलेल्यांना व्यायामात अडकवून ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जायचं. यात उशीर झाला तर कायमचं अपंगत्व येऊ शकतं. पाऊल वर उचलता येत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल, तरी थांबू नका.

संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि सोबत कंबरदुखी असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पूर्वी कर्करोग झालेला असेल, झाडावरून किंवा बंडीवरून पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, म्हातारपणी साधं घसरून पडल्यावर पाठ धरली असेल, किंवा बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर आधी तपासणी. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली असेल आणि हालचाल केल्यावरच मोकळी होत असेल, तर तो मणक्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. त्याचं औषध वेगळं असतं.

आपल्या भागापुरत्या आणखी तीन गोष्टी. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रुग्णाला एकाएकी कंबर-पाठ-सांधे असह्य दुखू लागले तर तो त्या आजाराचाच झटका असतो, तिथे व्यायाम करायचा नाही. भरपूर पाणी पाजत दवाखान्यात न्यायचं. दुसरी गोष्ट मुतखडा. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तो फार होतो. त्याची कळ कमरेच्या एका बाजूला, लाटेसारखी येते आणि जांघेकडे उतरते, कुठल्याही अंगावर झोपलं तरी आराम पडत नाही. तिसरी गोष्ट बाया सहसा बोलत नाहीत. अंगावरून पांढरं जाणं, त्याला वास येणं, ओटीपोट दुखणं आणि कंबर दुखणं एकत्र असेल तर तेही तपासून घ्या. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकींनी तोवर कधी उपचार घेतलेच नव्हते.

'गॅप' म्हणजे काय, आणि तो सगळ्यांनाच कसा असतो

"मणक्यात गॅप आला" म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे दोन हाडांमध्ये पडलेली फट येते, आणि आता हललो तर कंबर निसटेल अशी भीती बसते. खरं तर फट पडलेली नसते. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार सुकते आणि तिची उंची कमी होते, म्हणजे अंतर उलट घटतं.

हे कंबर अजिबात न दुखणाऱ्यांमध्येही होतं. अशा ३,११० धडधाकट लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला. विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. गादी फुगलेली दिसणं विशीत ३० टक्के आणि पन्नाशीत ६० टक्के. यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. म्हणून रिपोर्टातला शब्द वाचून बाज धरू नका.

दुखणं खोटं असतं असा याचा अर्थ मुळीच नाही. ते खरंच असतं, पण महिनोन् महिने दुखत राहिलं की शरीराची धोक्याची घंटा फार हळवी होते आणि साध्या वाकण्यालाही वाजू लागते. पुरेशी झोप नसेल, डोक्यावर कर्ज असेल, पीक गेलेलं असेल, तर ती आणखी जोरात वाजते. थोडी थोडी, न घाबरता केलेली हालचाल ही घंटा शांत करते.

पट्टा, गोळी आणि पुडी

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आखून दिलेल्या व्यायामाची आणि रुग्णाला आजार नीट समजावून सांगण्याची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून कंबर ओढणं आणि अल्ट्रासाउंडचा शेक हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असंही त्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पट्ट्यावर पैसे घालवलेले असतात. टाकून द्या म्हणत नाही. बसच्या लांब प्रवासात लावला तर लावा, पण दिवसभर बांधून ठेवू नका.

वेदनाशामक गोळी डॉक्टरच्या सल्ल्यानं, थोडे दिवस घ्यायला हरकत नाही. पण वावरात उन्हातान्हात, कमी पाण्यावर, रोज गोळी खाऊन काम करणं हे मूत्रपिंडाला मारक आहे. आणि नाव नसलेल्या पुडीतलं 'जादूचं' औषध घेऊन दोन दिवसांत कंबर मोकळी झाली, तर त्यात स्टिरॉइड असल्याची शंका घ्या.

पहिली पायरी: आपलं माप काढा

नवीन बैल आपण पहिल्याच दिवशी दिवसभर वखराला जुंपत नाही. इथेही तसंच. आधी दोन दिवस फक्त मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुखणं मोजायला मी म्हाताऱ्या माणसांना रुपयाचा हिशेब देते. रुपयाचे सोळा आणे. आत्ता दुखणं किती आणे? सहा आण्यांपर्यंतचं दुखणं व्यायामात चालतं. आठ आण्यांवर गेलं की थांबायचं. आणि व्यायामानं वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत परत आपल्या जागी आलं पाहिजे. नाही आलं, तर माप जास्त झालं होतं. हा एवढा नियम पाठ झाला की पुढचं सगळं तुम्ही स्वतःच ठरवू शकता.

आता तीन मापं घ्या. सपाट रस्त्यावर किती मिनिटं चालल्यावर दुखणं सहा आण्यांवर जातं? हात न टेकता बाजेवरून किंवा खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं? आणि वाकून निंदताना किती मिनिटांत कंबर बोलू लागते? जे माप येईल त्याच्या पाच भागांपैकी चार भागांपासून सुरुवात करा. दहा मिनिटं चालता येत असेल तर आठ मिनिटं. बरं वाटतंय म्हणून जास्त करू नका आणि कंटाळा आला म्हणून कमीही करू नका. 'बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं' या चक्रानं जितक्या कमरा खराब होताना पाहिल्या, तितक्या जड उचलण्यानंही पाहिल्या नाहीत.

दुसरी पायरी: पहिले दोन आठवडे, कंबर मोकळी करणं

जमिनीवर सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरा. बाजेवर नको, तिथे मध्ये झोळ येतो. साडीत पाय मोकळे होत नाहीत, म्हणून सलवार, गाऊन किंवा घरातली जुनी ट्रॅक पँट घालून दार लोटून घ्या. सासूबाईंना संकोच वाटत असेल तर त्यांनाही सोबत घ्या, त्यांचीही कंबर दुखतच असते.

वेळ कोणती? माझा आग्रह उठल्या उठल्या न करण्याचा आहे. रात्रभर आडवं झाल्यावर मणक्यांतल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी खोल वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आपल्याकडे बायांचा दिवस मात्र नेमका वाकण्यानंच सुरू होतो: झाडलोट, सडा, कोठ्यातलं शेण. शक्य असेल तर उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास उभ्यानं होणारी कामं करा आणि वाकायची नंतर. अंगणाला लांब दांड्याचा खराटा ठेवा, घरातल्या झाडूला वेळूची काठी बांधा. आईनं माझ्या सांगण्यातलं सगळ्यात आधी जे ऐकलं ते हेच होतं, आणि तिला पहिला फरकही यानंच पडला. व्यायाम चहानंतर किंवा संध्याकाळी स्वयंपाकाआधी करा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा सकाळी नऊच्या आत आटपा.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर ठेवा. कमरेखाली जी पोकळी राहते ती पोट हलकं आत घेऊन जमिनीला टेकवा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. श्वास अडवू नका, मोजताना मोठ्यानं अंक म्हणा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

तसंच पडून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे आणा, दहा अंक थांबा, मग दुसरा. तीन-तीन वेळा. मग दोन्ही गुडघे जुळवून सावकाश उजवीकडे आणि डावीकडे सोडा, खांदे जमिनीलाच राहू द्या. दोन्हीकडे आठ-आठ वेळा.

आता उठून ढोरासारखं चार पायांवर या: तळहात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. पाठ मांजरीसारखी वर उचला, मग हळूच खाली सोडून मान वर करा. इथे ताणून धरायचं नाही, झोका दिल्यासारखी हालचाल ठेवायची. आठ वेळा पुरे. गुडघे दुखत असतील तर खाली उशी घ्या किंवा उभं राहून हात ओट्यावर टेकून हेच करा.

एवढ्याला दहा मिनिटं लागतात. दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांत दुखणं जाणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. या दिवसांत फक्त एक कमवायचं: हललं तरी काही मोडत नाही, हा शरीराचा भरवसा.

कंबरेला कोणती दिशा मानवते, ते ओळखा

हा भाग ज्यांचं दुखणं कुल्ल्यात किंवा पायात उतरतं त्यांच्यासाठी फार कामाचा आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक रुग्ण आला. डोक्याकडची बाजू वर केलेल्या बिछान्यावर तो चुकून पालथा झोपला, म्हणजे कंबर चांगलीच मागे वाकलेली. काही मिनिटांनी त्याच्या पायातलं दुखणं निघून गेलं होतं. त्यावरून मॅकेन्झींनी एक पद्धत बसवली, ती आज जगभर वापरली जाते.

तुम्ही असं करून पाहा. पालथं झोपा, दोन मिनिटं नुसतं पडून राहा. मग कोपरांवर छाती उचला, पुन्हा दोन मिनिटं. त्रास नसेल तर तळहात टेकून छाती वर करा, कंबर आणि पोट मात्र ढिलं सोडा. दहा वेळा वर-खाली. आता दुखणं कुठे सरकलं ते बघा. पायातून मांडीत, मांडीतून कमरेत आलं तर ते चांगलं लक्षण आहे, कमरेत थोडं जास्त दुखलं तरीही. मग हा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा करा. दुखणं किंवा मुंग्या खाली पोटरीकडे, पावलाकडे गेल्या तर ही दिशा तुमची नाही, थांबा.

साठीच्या पुढच्या माणसांचं अनेकदा उलट असतं. चाललं की पाय भरून येतात, जड होतात, आणि ओट्यावर बसलं किंवा सायकलच्या हँडलवर रेललं की बरं वाटतं. त्यांच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते. त्यांना मागे वाकवू नका. गुडघे छातीशी घेणं हाच त्यांचा मुख्य व्यायाम.

तिसरी पायरी: तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ताकद

पहिल्या दोन आठवड्यांचे व्यायाम आता एकदाच, अंग मोकळं करण्यापुरते. त्यानंतर हे चार, आठवड्यातून चार दिवस.

सेतू: पाठीवर, गुडघे दुमडलेले. टाचांवर जोर देऊन कुल्ले वर उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतार दिसला पाहिजे. दहा अंक, खाली. जोर कुल्ल्यात जाणवायला हवा. मांडीच्या मागे वात येत असेल तर पावलं कुल्ल्यांच्या जरा जवळ घ्या.

हात-पाय ताणणं: चार पायांवर या. उजवा हात समोर आणि डावा पाय मागे, दोन्ही पाठीच्या रेषेत. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे असं समजा, तो सांडायचा नाही. सात-आठ अंक, मग बाजू बदला. सुरुवातीला नुसता पाय मागे सरकवला तरी चालेल.

कुशीवरचा टेकू: एका कुशीवर, कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले. कंबर जमिनीवरून उचला म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर सरळ होईल. हा चौघांतला अवघड आहे. पाच अंकही जमले नाहीत तर भिंतीला कोपर टेकून, तिरकं उभं राहून करा.

हे तिन्ही व्यायाम मी उतरत्या फेऱ्यांनी करायला सांगते: आधी ६ वेळा, थोडं थांबून ४, मग २. एका वेळी दहा अंकांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. जोर वाढवायचा तो वेळा वाढवून, पुढच्या आठवड्यात ७-५-३.

चौथा, बाजेवरून उठणं-बसणं: हात छातीवर, दहा वेळा, दोन फेऱ्या. साधा दिसतो. पण आपल्याकडे कमरेवर जो भार पडतो त्यातला निम्मा मांड्या कमजोर असल्यामुळे पडतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. मांड्यांत दम नसला की खाली बसून उचलायचं काम माणूस कमरेतून वाकून करतो.

कोणता व्यायाम 'सगळ्यात चांगला' यावर वेळ घालवू नका. जुन्या कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये घेतला गेला. काहीच न करणाऱ्यांपेक्षा किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभरपैकी सरासरी १५ गुणांनी कमी झालं. म्हणजे चमत्कार नाही, पण रात्री झोप लागावी आणि वेचणीला जाता यावं एवढा फरक नक्की. तुम्हाला सूर्यनमस्कार येत असतील, मुलं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या ठिकाणी योगासनं शिकून आली असतील, तर तेही चालेल. जे रोज होईल ते खरं.

चालणं

यासाठी काहीच लागत नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हे सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले होते. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालायला शिकवलं, त्यांची कंबर पुन्हा दुखायला मधला काळ २०८ दिवसांचा गेला. बाकीच्यांचा ११२ दिवसांचा.

तुमच्या मापापासून सुरू करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. डोक्यावर भारा घेऊन वावरातून घरी येणं यात मोजू नका. हे चालणं हात मोकळे ठेवून, जरा झपाझप. एकटीला गावाबाहेर जायला अवघड वाटत असेल तर बचत गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. माझ्याकडच्या ज्या बायांचं चालणं टिकलं त्या जवळजवळ सगळ्या जोडीनं चालणाऱ्या होत्या.

चौथी पायरी: सातव्या ते बाराव्या आठवड्यात वाकणं आणि उचलणं

इथपर्यंत येऊन पुष्कळ जण सोडून देतात, आणि खरी गरज इथून पुढे आहे. आपल्याला सतरंजीवर छान व्यायाम करणारी कंबर नको आहे, गुंडी उचलणारी हवी आहे.

खुब्यातून वाकायला शिका. दाराची बिजागरी जिथे असते तिथेच दार फिरतं, तसं शरीर खुब्यात फिरलं पाहिजे. एक सरळ काठी पाठीवर उभी धरा, ती डोक्याला, पाठीच्या मध्यावर आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे ढकला आणि पुढे झुका. काठी तिन्ही जागी टेकलेलीच राहिली तर तुम्ही बरोबर वाकलात. दहा वेळा. आरशाची गरज नाही, काठी सुटली की लगेच कळतं.

हे जमल्यावर हातात अर्धी बादली घ्या, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. ओट्यावरून उचला, ओट्यावर ठेवा. आठवडाभरानं पाटावरून, मग जमिनीवरून. वस्तू अंगाला जितकी जवळ तितका कमरेवर भार कमी. पाच किलोची बादली हात लांब करून धरली तर कमरेला ती कितीतरी पट जड पडते. पाणी आणताना एका हाताला पूर्ण बादली घेण्यापेक्षा दोन हातांना अर्धी-अर्धी घ्या. दर आठवड्याला एक-दोन लिटर वाढवा. बाराव्या आठवड्यापर्यंत भरली बादली किंवा गुंडी निर्धास्त उचलता येणं हे बहुतेकांना साधतं. युरियाचं पोतं मात्र ४५ किलोचं असतं, ते दोघांनीच उचलायचं.

पाठ कधीच वाकवायची नाही, असं मी सांगत नाही. गोल पाठ करून निंदणं हे आपलं काम आहे आणि कंबर त्यासाठी बनलेलीही आहे. तिला त्याची सवय मापात द्यायची, एवढंच.

वावरात

कापूस वेचताना पोटापुढे लोंबणारी ओटी चार-पाच किलोची झाली की धुऱ्यावर रिकामी करा. मजुरी किलोवर असते, फेऱ्या वाढल्या की वेळ जातो, हे मला ठाऊक आहे. माझ्या आईचा हिशेबही तसाच असायचा. पण दुपारनंतर कंबर धरल्यामुळे जो वेग मंदावतो तोही त्या हिशेबात धरा. खालची बोंडं वेचताना एक गुडघा टेकवा किंवा उकिडवं बसा, पुढच्या तासाला उभ्यानं वरची वेचा.

निंदण, सोंगणी, रोवणी या तिन्हींत एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ झालं. दर वीस मिनिटांनी उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं. एक मिनिटही लागत नाही. पातीतल्या सगळ्या बायांनी मिळून ठरवलं तर कोणी मागे पडत नाही.

फवारणीचा पंप सोळा लिटरचा असतो. तो काठोकाठ भरू नका, दहा-बारा लिटर पुरे. जमिनीवरून झटका देऊन पाठीवर घेऊ नका. बंडीच्या कडेवर किंवा उंच धुऱ्यावर ठेवून, पाठ लावून पट्ट्यांत हात घाला. पट्टे आवळा, पंप पाठीला चिकटून राहिला पाहिजे. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी तासाला एकदा खाली उतरून शंभर पावलं चालावं.

हंगामाच्या दिवसांत घरचा व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका. आणि सोंगणी लागायच्या सहा आठवडे आधी, म्हणजे पोळ्याच्या आगेमागे, वाकण्या-उचलण्याचा सराव वाढवायला लागा.

दुखणं उसळलं तर

उसळतंच. आईचं आजही वर्षातून दोनदा उसळतं. व्यायाम फसला असा त्याचा अर्थ काढू नका.

पहिले एक-दोन दिवस जड कामं थांबवा, पण अंथरूण धरू नका. दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या फडक्यानं पंधरा मिनिटं शेका, चटका बसणार नाही इतपतच. दुसऱ्या पायरीतले झोपून करायचे व्यायाम अर्ध्या संख्येनं सुरू ठेवा. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. दुखणं सहा आण्यांच्या खाली आलं की मागच्या आठवड्याच्या निम्म्या मापापासून पुन्हा सुरू करा आणि दहा-बारा दिवसांत होता त्या जागी या. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एखादी दिसली, तर आशाताईंना विचारून जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात किंवा गडचिरोलीकडे शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात पुढची तपासणी होऊ शकते. जाताना कॅलेंडरची ती पानं सोबत न्या. किती मिनिटं चाललात, किती बादल्या उचलल्या आणि दुखणं किती आणे होतं, हे डॉक्टरला एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जातं.